तिप्पट पैसे कशाचे?

पत्र: ताई, आम्हाला लॅब्राडॉरचं पिल्लू घ्यायचं आहे. दोन ठिकाणी चौकशी केली. एका बाईंनी सांगितलेली किंमत दुसऱ्या गृहस्थांच्या बरोबर तिप्पट निघाली. शिवाय बाईंकडे आत्ता पिल्लं नाहीतच. सात-आठ महिने थांबा म्हणाल्या. वर आमचीच उलटतपासणी: दिवसभर घरी कोण असतं, आधी कुत्रा पाळला होता का, परगावी गेलात तर त्याचं काय कराल. दुसऱ्या गृहस्थांकडे सहा आठवड्यांची पाच पिल्लं तयार आहेत, या रविवारी घेऊन जा म्हणतात. बाईंच्या मागच्या पिल्लांचे फोटो आणि ही पिल्लं शेजारी ठेवून बघितली, मला काही फरक दिसला नाही. नवरा म्हणतो ही लूट आहे, कुत्र्यांवर खरं प्रेम असणारे असा धंदा करत नाहीत. दीर म्हणतात घासाघीस करा, निम्म्यावर येतील. बाईंकडे अकरा महिन्यांचा एक परत आलेला कुत्राही आहे, तो बऱ्याच कमी पैशात देते म्हणाल्या. पण परत आलेला म्हणजे काहीतरी खोट असणार, म्हणून आम्ही नको म्हटलं. ही किंमत ठरते तरी कशावरून? आणि आम्ही काय करावं?
— दोन मनांत अडकलेली

उत्तर:

मैत्रिणी,

फरक दिसला नाही, कारण तो दिसण्यासारखा नसतोच. सहा आठवड्यांचं लॅब्राडॉरचं पिल्लू कुठेही जन्मलं तरी गोंडसच असतं. किंमत ज्यामुळे वर-खाली होते, त्यातलं जवळजवळ सगळं पिल्लाच्या आईच्या फायलीत असतं. ती फाईल तुम्ही मागितलीत का, हे पत्रात कुठे नाही. बहुतेक नसेलच मागितली. पहिल्यांदा पिल्लू घेताना मीही मागितली नव्हती.

आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बरीच वर्षं लॅब्राडॉर पाळले आणि तीन वेळा घरी पिल्लं काढली. चौथ्या वेळेला पाठीने नकार दिला. तेव्हा त्या बाईंबद्दल मला थोडी आपुलकी वाटणार, हे धरून चाला.

किंमत ठरायला सुरुवात होते ती पिल्लं जन्मण्याच्या दोन-अडीच वर्षं आधी. जिच्यापासून पिल्लं घ्यायची ती मादी आधी मोठी व्हावी लागते. लॅब्राडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, अनुवंशाने येतो. सांधा नीट बसत नाही, झिजतो आणि कुत्रा ऐन उमेदीत लंगडायला लागतो. तो दोष नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, एक्स-रे लागतो आणि तो तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय खुब्याची अंतिम श्रेणी देत नाही. ब्रिटनच्या पद्धतीत दोन्ही बाजू मिळून ० ते १०६ असे गुण असतात, जितके कमी तितकं चांगलं, आणि तिथेही कुत्रा निदान एक वर्षाचा लागतो. म्हणजे तोवर मादीला खाऊ घाला, शिकवा, लसी द्या आणि वाट बघा. त्याशिवाय कोपराच्या सांध्याचा एक्स-रे, डोळ्यांची तपासणी आणि जनुकीय चाचण्या.

या जनुकीय चाचण्यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पैसे खरे कशाला पडतात ते इथे कळतं. लॅब्राडॉरमध्ये पीआरए नावाचा डोळ्यांचा आजार आहे. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग पूर्ण अंधत्व येतं. दुसरा ईआयसी: कुत्रा पाच-पंधरा मिनिटं जोरात धावला की मागचे पाय लुळे पडतात आणि तो कोसळतो. याचं जनुक २००८ मध्ये सापडलं, तेव्हापासून चाचणी करता येते. दोन्ही आजारांची रीत सारखी. दोषी जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा स्वतः ठणठणीत असतो, त्याला वाहक म्हणतात. पण वाहक नर आणि वाहक मादी एकत्र आले, की प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तेच वाहक मादीला चाचणीत साफ निघालेला नर दिला, तर एकही पिल्लू त्या आजाराचं होत नाही. आई-बाप दोघंही दिसायला धट्टेकट्टे, स्वभावाने लाघवी, आणि पिल्लू पुढे काही वर्षांनी आंधळं, असं होऊ शकतं, आणि ते टाळण्यासाठी लागते फक्त एक चाचणी. ती करणाऱ्याचा खर्च वाढतो, न करणाऱ्याचं काही अडत नाही. पिल्लू विकलं जातं तेव्हा दोघांची पिल्लं सारखीच उड्या मारत असतात.

खुब्याचं मात्र इतकं सरळ नाही. त्यात अनेक जनुकं गुंतलेली असतात, शिवाय वजन आणि लहानपणीचा व्यायामही. चांगल्या सांध्याच्या आई-बापांच्या पोटीसुद्धा वाईट सांध्याचं पिल्लू येऊ शकतं. शक्यता कमी होते, इतकंच. ‘आमच्या पिल्लांना कधीच काही होत नाही’ असं ठामपणे सांगणारा ब्रीडर मला म्हणूनच जरा खटकतो.

आणि मादी तपासणीत नापास झाली तर? माझ्या दोन माद्यांपैकी एक झाली. दोन वर्षं वाढवलेली, देखणी, स्वभावाने दुसरीपेक्षा सरस. एक्स-रेत डावा खुबा वाईट निघाला. तिची नसबंदी केली आणि ती आयुष्यभर आमच्या सोफ्यावर लोळली. तिच्यावरचा सगळा खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही, आमची लाडकी होती ती, पण हिशेबाच्या वहीत तो दुसरीच्या पिल्लांवरच पडला. जबाबदार ब्रीडरच्या किमतीत न जन्मलेल्या पिल्लांचाही वाटा असतो. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही.

मग नर. घरचाच नर वापरला तर फुकट, पण घरचा नर त्या मादीला योग्य असेलच असं नाही; कधी तो तिचा सख्खा भाऊ असतो. बाहेरचा नर घेतला की त्याच्या मालकाला साधारण एका पिल्लाच्या किमतीइतकी फी द्यायची, किंवा पैशांऐवजी पिल्लांतली पहिली निवड. मेटिंगच्या आधी दोघांची ब्रुसेलाची चाचणी, कारण या जंतुसंसर्गाने गर्भ पडतात आणि तो माणसांनाही होऊ शकतो. मादी माजावर आली की नेमका दिवस पकडायला दर दोन-तीन दिवसांनी रक्त तपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक किती आहे ते बघायचं. इतकं करून पुढे साधारण ६३ दिवस वाट बघायची. काही वेळा काहीच होत नाही. फी परत मिळत नाही, बहुधा पुढच्या वेळी एक मेटिंग फुकट मिळतं.

विणं हा स्वतंत्र जुगार आहे. सगळ्या जातींना एक भाव का नसतो, याचं बरंचसं उत्तर इथे मिळेल. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, जी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरिअर या तीन जातींत ८० टक्क्यांहून जास्त विणी सिझेरियनने झालेल्या आढळल्या. डोकं मोठं, कंबर अरुंद, अशी ठेवणच आपण माणसांनी निवडून निवडून केली आहे. तिथे ऑपरेशनचा खर्च गृहीतच धरावा लागतो. लहान जातींची अडचण वेगळी: पिल्लंच थोडी. नॉर्वेतल्या दहा हजारांवर विणींच्या अभ्यासात सगळ्यात लहान जातींना सरासरी साडेतीन आणि अवाढव्य जातींना सात पिल्लं निघाली. चाचण्या तितक्याच, रात्रीची जागरणं तितकीच, आणि वाटायला पिल्लं निम्मी. म्हणून तळहाताएवढा कुत्रा कधी कधी वासराएवढ्या कुत्र्यापेक्षा महाग असतो.

पुढचे आठ आठवडे ज्यांनी काढलेत त्यांना विचारा. नवजात पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पेटीत ३० अंशांच्या आसपास ऊब राखावी लागते. गार पडलेलं पिल्लू दूध ओढत नाही, आणि दूध ओढलं नाही की आणखी गार पडतं. रोज वजन करायचं. आठ-दहा दिवसांत ते जन्माच्या दुप्पट व्हायला हवं, एखाद्याचं अडलं तर त्याला दर दोन-तीन तासांनी बाटलीने पाजायचं, रात्रीसुद्धा. आईचा आहार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट ते चौपट होतो. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंतांचं औषध, कारण गोल जंत आईच्या पोटातच पिल्लांमध्ये शिरलेले असतात. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग मायक्रोचिप, नोंदणीचे कागद.

आणि या सगळ्यात पिल्लाला माणसांची सवय लावायची. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. या काळात कुकरची शिट्टी, झाडू, लहान मुलं, काठीवाले आजोबा, गाडीचा आवाज हे सगळं त्याने पाहिलं-ऐकलं, तर पुढे ते घाबरत नाही. जनावरांच्या शेडमध्ये वाढलेल्या पिल्लाला ही शिदोरी मिळत नाही, आणि मागाहून ती भरून काढायला वर्ष-वर्ष लागतं. या कामाची पावती कुठे फाडत नाहीत, म्हणून ते किमतीत आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तुमच्या रविवारबद्दल. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं सगळ्यात जास्त खातात, सगळ्यात जास्त घाण करतात, लस याच सुमाराला येते, आणि भावंडांशी खेळता खेळता किती जोरात चावायचं नाही हे ती याच दिवसांत शिकतात. सहाव्या आठवड्यात विकून टाकलं की हा सगळा भार घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. तुमच्या तिपटीतला एक तुकडा नुसता या दोन आठवड्यांचा आहे.

नवरा लूट म्हणतो ना? मग माझ्या पहिल्या विणीचा हिशेब त्याला दाखवा. पैशांत नाही मांडत, पिल्लांत मांडते. सात जन्मली. एक तिसऱ्या दिवशी गेलं. सहांतली एक मादी मी स्वतःसाठी ठेवली. पिल्लं काढली होती तीच मुळी तिच्यासाठी. पाच विकली. त्यातल्या एकाचे पैसे नराच्या मालकाला. एकाचे आईच्या चाचण्या, एक्स-रे, रक्ततपासण्या आणि सोनोग्राफीत. दीड पिल्लू खाणं, औषधं, लसी, चिप आणि कागदांत. अर्धं त्या सोफ्यावरच्या बहिणीच्या नावाने. उरलं एक पिल्लू, ते माझ्या बिनपगारी सुट्टीचे दोन आठवडे आणि आठ आठवड्यांची झोप यांच्या बदल्यात. दुसऱ्या विणीला पिल्लू आडवं आलं, मध्यरात्री सिझेरियन झालं, दोनच जगली. पहिलीत उरलेलं ते एक पिल्लू तिथे गेलं, वर पदरचे घातले. तिसरी बरी झाली. याला धंदा म्हणायचं असेल तर मी फार वाईट धंदेवाली होते.

खरा नफा वेगळ्या वाटेने मिळतो: चाचण्या टाळा, मादीला प्रत्येक माजाला लावा, पिल्लं लवकर विका, पाच-सहा जाती एकदम ठेवा. यातल्या प्रत्येक गोष्टीने किंमत उतरते, किंवा किंमत तीच राहून विकणाऱ्याचा खिसा भरतो. हे दुसरं जास्त घातक. कारण महाग म्हणजे चांगलं, असं मी मुळीच म्हणत नाहीये. २०२० मध्ये माणसं घरात अडकली, सगळ्यांना एकदम कुत्रा हवासा झाला आणि कित्येक देशांत पिल्लांचे भाव भडकले. तेव्हा कोणाच्या मादीच्या एक्स-रेंची संख्या वाढली नव्हती. मागणीने चढलेला भाव आणि कष्टाने चढलेला भाव यांचा आकडा सारखाच दिसतो.

म्हणून काही गोष्टींसाठी एक पैसाही जास्त देऊ नका. दुर्मीळ रंग ही पहिली. लॅब्राडॉरचे मान्य रंग तीनच आहेत, काळा, पिवळा आणि चॉकलेटी. ‘सिल्व्हर’ म्हणून चढ्या भावात विकतात तो फिकट झालेला चॉकलेटी असतो, आणि अशा फिकट रंगाच्या काही कुत्र्यांचे केस झडून त्वचेचा त्रास सुरू होतो. दुसऱ्या काही जातींत मर्ल नावाचा ठिपकेदार रंग लोकप्रिय आहे. दोन मर्ल एकत्र आणले तर चारातल्या एका पिल्लात ते जनुक दुप्पट येतं आणि त्यातली बरीच पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघतात. म्हणजे ज्याबद्दल सूट मागायला हवी त्याचेच लोक जास्त मोजतात! ‘टीकप’, म्हणजे कपात मावेल इतका इवलासा कुत्रा, हा शब्द ऐकलात तरी उठून या. पणजोबा चॅम्पियन होते हेही मोठं काही नाही. आणि नोंदणीचे कागद पिल्लाचे आई-बाप कोण एवढंच सांगतात, त्यांचे खुबे कसे आहेत ते नाही. ‘पेपरवाली पिल्लं’ म्हणून कोणी दुप्पट मागितले तर एक्स-रेचा कागद कुठे आहे ते विचारा.

एकाच विणीत दोन भाव ऐकायला मिळाले तर मात्र दचकू नका. शोमध्ये उतरवण्याजोगं पिल्लू, किंवा पुढे पिल्लं काढायच्या हक्कासकट दिलेलं पिल्लू महाग असतं. तुम्हाला घरात खेळायला हवंय, त्यामुळे तो हक्क विकत घ्यायचं कारण नाही. ‘फक्त पाळण्यासाठी’ असं स्पष्ट बोला.

दिरांची घासाघीस. प्रयत्न करू नका असं नाही, पण ज्याच्यापाशी वर सांगितलेली वही आहे तो निम्म्यावर येऊच शकत नाही. जो हसत हसत निम्म्यावर येतो, त्याने मुळात काय खर्च केला होता याचा विचार करा. हप्त्यांनी पैसे देऊ का, हे विचारणं जास्त शहाणपणाचं. पुष्कळ जण तयार होतात.

दुसऱ्या गृहस्थांना मी न बघता वाईट ठरवणार नाही. कदाचित त्यांची पहिलीच वीण असेल, घरचाच नर असेल, हिशेबच मांडला नसेल. त्यांच्याकडे जा, पण पिल्लांकडे शेवटी बघा. आधी आई बघा, तिच्या घरात, पिल्लांसोबत. आई दाखवायला का-कू केली किंवा ‘मीच पिल्लू घेऊन चौकात येतो’ म्हणाले तर परत फिरा. आई-बापांच्या खुब्याचा आणि कोपराचा निकाल, डोळ्यांचा दाखला, पीआरए आणि ईआयसीच्या चाचण्या मागा. तोंडी नको, कागद हवा, आणि कागदावरचा नोंदणी क्रमांक आईच्याच नावाचा हवा. आईची ही कितवी वीण आणि तिचं वय काय ते विचारा. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत ठेवाल का, हेही. मग हेच सगळे प्रश्न त्या बाईंनाही विचारा. त्यांच्या तिप्पट किमतीच्या मागे कागद नसतील तर नवऱ्याचं बरोबर आहे, ती लूटच आहे.

त्यांनी तुमची उलटतपासणी घेतली याचा राग सोडून द्या. माझं एक पिल्लू मी न विचारता दिलं होतं, शेजारच्या ओळखीवर. सहा महिन्यांनी ते गच्चीवर साखळीला बांधलेलं सापडलं. परत आणलं, पण त्यानंतर मी प्रत्येकाला नको इतके प्रश्न विचारायला लागले.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: परत आलेला अकरा महिन्यांचा कुत्रा. तो परत आला म्हणजे खोट त्याच्यातच असेल असं नाही. लोकांची बदली होते, घरात बाळ येतं, लग्न मोडतं, कोणाला ॲलर्जी निघते. मला मात्र त्यात हे दिसलं, की विकून काही महिने उलटले तरी त्या बाईंनी तो कुत्रा परत घेतला. विकलेलं जनावर आयुष्यात कधीही परत घेण्याची तयारी ही किमतीतली सगळ्यात महाग गोष्ट आहे, कारण त्यासाठी घरात एक जागा कायम रिकामी ठेवावी लागते.

त्यांना फोन करा आणि तो का परत आला ते विचारा. मग एखाद्या संध्याकाळी दोघं जाऊन तासभर त्याच्यासोबत फिरून या, शक्यतो वर्दळीच्या रस्त्यावरून. शू-शीचं वळण लागलेलं असेल, दात येण्याचे दिवस संपलेले असतील, खुब्याचा प्राथमिक एक्स-रेही या वयात काढून बघता येतो, पिल्लाबाबतीत ते शक्य नसतं. आठ महिने थांबायला नको, आणि किंमतही कमी. नवऱ्याला न्यायला विसरू नका; साखळी त्याच्याच हातात द्या.